होळीसाठी राखून ठेवलेली मोळी

कीड ओळखायला मला पंधरा दिवस उशीर झाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला ‘तरी बरं, तुम्ही होतात म्हणून’ वगैरे म्हणायला नको. मी होते म्हणूनच तर झालं ते सगळं.

मी मूळची निफाडकडची. कृषी विद्यापीठातून कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलं. लग्नाआधी तीन वर्षं द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांतून भिंग घेऊन हिंडले, पानं उलटी करकरून बघितली आणि बापाच्या वयाच्या बागाईतदारांना ‘काका, एवढं होईपर्यंत झोपला होतात का?’ असं तोंडावर विचारलं. मग लग्न झालं, नवऱ्याला रास लफानला गॅसच्या प्लांटवर नोकरी लागली आणि आम्ही कतारला आलो. इथल्या माझ्या ओळखपत्रावर मी गृहिणी आहे. चौदा वर्षं झाली. भिंग स्वयंपाकघरातल्या खणात पडलेलं असतं, लेकीच्या पायात काही रुतलं की बाहेर निघतं.

आम्ही राहतो मदिनत अश शमालमध्ये, देशाच्या पार उत्तर टोकाला. दोहा शंभर किलोमीटरवर, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींचे गणपती आणि दिवाळी पहाट आम्ही फोटोतच बघतो. इकडे आमची मराठी घरं सहा. भांडण झालं तरी बोलणं टाकता येत नाही, कारण मग बोलायचं कोणाशी?

अल रुवैसच्या रस्त्यावरून आत वळलं की एक मजरा आहे. मजरा म्हणजे शेत, पण आपल्यासारखं उघडं नव्हे. चारी बाजूंनी भिंत, आत खजुराची साठेक झाडं, थोडे भाजीचे वाफे, बकऱ्या आणि पाण्याची टाकी. मालक म्हातारा कतारी गृहस्थ, शुक्रवारी सकाळी येतो, त्याला सगळे अरबाब म्हणतात. आणि मजरा सांभाळायला चाचा. चाचा बिहारमधल्या सिवानचा, साठीला टेकलेला, एकोणीस वर्षं त्याच भिंतींच्या आत राहिलेला. मी पहिल्यांदा तिथे गेले ती मेथीसाठी. बाजारातली मेथी म्हणजे नुसती काडी, आणि इथे वाफ्यात कोवळी लुसलुशीत जुडी! मी तिथेच बसून निवडायला लागले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “घर ले जा के चुनिए मॅडम, यहाँ धूप है.”

पुढे दर शुक्रवारी जाणं व्हायला लागलं. चाचाची बायको वारलेली, मूलबाळ नाही. सिवानला दोन भाऊ, त्यांची मुलं, सुना. दोन वर्षांनी एकदा तो जायचा आणि पंधरा दिवसांत कंटाळून यायचा. “वहाँ हम मेहमान हैं,” म्हणायचा. “कौन सा गिलास किसका है, वो भी नहीं मालूम.” इथे मात्र प्रत्येक झाडाचा स्वभाव त्याला माहीत होता. कुठलं उशिरा फुलतं, कुठल्याचे काटे वाकडे आहेत, सगळं. भिंतीलगत त्याने मोठ्या झाडांचे फुटवे काढून लावले होते, त्यांना पहिला बहर येऊ घातला होता. तो बघायला मिळावा एवढीच त्याची मागणी. दर दोन वर्षांनी त्याच्या नोकरीची मुदत वाढायची. ही कीड आली त्या वर्षी जूनमध्ये ती संपत होती, आणि साठीनंतर वाढवायची की नाही हे सगळं अरबाबच्या मर्जीवर होतं.

आता होळीचं सांगते. वाळवंटात होळी करायची म्हणजे पहिला प्रश्न लाकडाचा. दोन वर्षं आम्ही कोणाच्या तरी गच्चीवर नाहीतर अंगणात लोखंडी शेगडीत चार कोळसे पेटवून नारळ टाकला होता, आणि होळीचा तो अवतार बघून माझं डोकंच फिरलं होतं. पुढच्या हिवाळ्यात एकदा मजऱ्यावर गेले तर चाचा खजुराची झाडं साफ करत होता. वाळलेल्या झावळ्या, फळं काढून झालेल्या घडांचे दांडे, बुंध्यावरचं तुसासारखं जाळं, सगळं खाली पाडून ढीग केला होता. विचारलं तर म्हणाला, गाडीत भरून नगरपालिकेच्या कचऱ्यात नेणार, दरवर्षी नेतो.

“फेकू नका चाचा!” मी म्हटलं. “आम्हाला होळीला पाहिजे. ठेवा ना जपून.”

हे वाक्य माझं. दुसऱ्या कोणाचं नाही.

त्याने अरबाबला विचारलं. अरबाब म्हणाला, आग पेटवा, लहान पेटवा, सकाळी राख दिसता कामा नये. झालं! चाचाने सगळ्याच्या मोळ्या बांधल्या, हिरव्या नायलॉनच्या दोरीने, आणि टाकीच्या मागे वाऱ्याला आडोसा बघून रचून ठेवल्या. मार्चमध्ये आम्ही सहा घरं डब्यात पुरणपोळ्या घेऊन तिथे पोचलो. काय धडधडून पेटली! खजुराची झावळी पेटते ती अशी की मागे सरकावं लागतं. बोंब मात्र हळूच मारली, शेजारच्या मजऱ्यातले लोक धावत यायला नकोत म्हणून. तोंडावर हात ठेवून कुजबुजत बोंब मारणारी सहा कुटुंबं! चाचा लांब बकऱ्यांपाशी उभा राहून खो खो हसत होता. पुरणपोळी त्याने दुधात बुडवून खाल्ली आणि पुढच्या वर्षी स्वतःच म्हणाला, “होली का लकड़ी रख दिया है, मॅडम.”

अशा दोन होळ्या झाल्या. त्या ढिगात काय झोपलेलं असतं ते मला, एम.एस्सी. बाईला, एकदाही सुचलं नाही. दोन्ही वर्षं आम्ही ते वेळेवर जाळत होतो, म्हणून निभावलं.

तिसऱ्या वर्षी होळी आली रमजानात. आमच्या सहा घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली आणि एकमताने ठरलं की यंदा आग नको. चाचाचा रोजा, आजूबाजूचे सगळे रोजेवाले, आणि आपली होळी पेटवायची वेळ म्हणजे नेमकी त्यांची रोजा सोडायची वेळ. शोभतं का ते? मी आजही म्हणेन, निर्णय बरोबर होता. घरी बाल्कनीत स्टीलच्या ताटलीत कापूर लावला, पोळीचा नैवेद्य दाखवला. लेक म्हणाली, “मम्मा, इज दॅट इट?” म्हटलं हो, एवढंच.

आणि मोळ्या? त्या तिथेच. चाचाने विचारलं होतं मला, इसका क्या करें. मी म्हटलं, राहू द्या, सणाचं लाकूड कचऱ्यात नको टाकायला. पुढच्या होळीला होईल.

एप्रिलच्या शेवटी एका शुक्रवारी चाचा ओंजळ भरून काहीतरी घेऊन आला. वाटाण्याएवढी हिरवी फळं, काही तांबूस पडलेली. “देखिए तो मॅडम, ये काहे गिर रहा है? आप तो यही पढ़ी हैं.”

मी एक फळ उचललं, बोटात फिरवलं, आणि मोठ्या रुबाबात सांगितलं की काळजी करू नका, जास्तीची फळं झाड आपणहून टाकतं. आंब्यालाही गळ होते, द्राक्षालाही होते. भिंग पर्समध्ये नव्हतं. पण भिंगाची गरजच नव्हती, जरा थांबून देठाशी बघितलं असतं तरी पुरे होतं. मला मेथी घेऊन घरी जायची घाई होती, पाहुणे येणार होते. चाचाने मान डोलावली. शिकलेली बाई सांगतेय म्हणजे खरंच असणार.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा तो शिडीवर होता आणि खाली उतरलाच नाही. वरूनच एक घड वाकवून दाखवला. अर्धा घड लालसर तपकिरी, सुकलेला, आणि फळं गळूनही पडली नव्हती, तशीच लोंबत होती. लोंबणारी फळं बघून कळलंच मला. पण बाईचा हट्ट बघा, तरी मनात म्हटलं, नसेलही.

एक पिशवी भरून घरी आणली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, नवऱ्याचं दाढीचं पातं घेतलं, खणातून भिंग काढलं. खजुराच्या फळाला वर एक छोटी टोपी असते. त्या टोपीला लागून टाचणीच्या टोकाएवढं भोक. भोकाच्या तोंडाशी भुसा. टोपीपासून दांड्यापर्यंत रेशमाचा बारीक धागा, म्हणून फळ सुकलं तरी पडत नाही. फळ उभं चिरलं. आतला गर साफ, कोवळी बी पोखरलेली, आणि मध्ये ही बया. पांढुरकी, किंचित गुलाबी झाक, डोकं तपकिरी, अर्ध्या इंचाहून कमी. एक अळी एका फळावर थांबत नाही. जरा खाते, पुढच्याला भोक पाडते, धाग्याने दोन्ही बांधते. माझ्या समोर एकाच धाग्यात चार फळं होती.

काही अळ्या काचेच्या बरणीत ठेवल्या आणि तोंडाला पुरणाचं फडकं बांधलं. सातआठ दिवसांनी लेक ओरडली, “मम्मा, देअर्स समथिंग फ्लाइंग!” अगदी सडपातळ, करड्या रंगाचा पतंग, पंखांच्या कडेला झालर. बसला की काडीचा तुकडा पडल्यासारखा दिसतो. खजुराचा छोटा पतंग. इथले लोक फळाच्या लाल रंगावरून त्याला हुमैरा म्हणतात, हे मला नंतर कळलं. पण तेवढे दिवस मी थांबले नव्हते. धागा दिसला त्याच दिवशी नवऱ्याला दोह्याला पिटाळलं आणि अळीवरच्या जिवाणूंची पावडर मागवली.

चाचाने आणि मी मिळून फवारलं. त्याच्या पाठीवर पंप, मी खाली उभी राहून ‘देठाशी मारा, देठाशी’ म्हणून ओरडतेय. लोंबणारी फळं झाडून, खाली पडलेली वेचून पोत्यात भरली आणि पोती उन्हात तोंड बांधून ठेवली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! ही पावडर अळीने खाल्ली पाहिजे, आणि अळी तर आत बसून गर खातेय. औषध मारायची वेळ फळ धरल्याबरोबरची, म्हणजे एप्रिलची. ज्या दिवशी मी आंब्याच्या गळीवर व्याख्यान दिलं, तेव्हाची.

एवढ्यात अरबाब येऊन गेला होता. त्याने घड बघितले आणि एकच निष्कर्ष काढला, की चाचाने फुलं नीट लावली नाहीत. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. वसंतात नराच्या तुऱ्याच्या काड्या घेऊन मादीच्या प्रत्येक फुलोऱ्यात हाताने बांधाव्या लागतात. ते काम चाचाने रमजानात केलं होतं, पाण्याचा घोट न घेता, शिडीवर चढून. अरबाबचं म्हणणं, म्हातारा झाला, उपाशीपोटी हात थरथरले, काम बिघडलं. मुदत वाढवायची नाही.

“हम लगाए थे, मॅडम,” चाचा म्हणाला. “एक एक में लगाए थे.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं. आणि खरंच माहीत होतं. फूल फळलं नाही तर फळ बारीक राहतं, तीन तीन चिकटून, हिरवंच. ही फळं चांगली एकेकटी धरलेली, बी भरायला लागलेली होती. म्हणजे त्याचा हात अगदी नीट चालला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी घरी येऊन नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तोवर चोर कोण ते मला कळायचं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी वही घेऊन गेले. जुनी सवय, कीड कुठून आली ते शोधायचं तर झाडावर झाड बघत जायचं. फाटकापाशी झाडं बरीच बरी होती, घडाला दहावीस फळं गेलेली. मधल्या रांगेत पाव घड गेलेला. जसजशी आत गेले तसतसं वाढत गेलं. टाकीजवळची झाडं तर बघवेनात, वरून खालपर्यंत लाल. चाचा माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन चालत होता. टाकीला वळसा घातला आणि समोर मोळ्या.

मी खाली बसले. एक मोळी सोडली. गेल्या वर्षीच्या घडांचे दांडे, त्यांच्या बेचक्यांत, झावळीच्या रुंद बुडाशी, त्या तुसाच्या जाळ्यात, जिथे तिथे पांढरे चपटे कोष. सगळे फुटलेले, रिकामे. हिवाळाभर अळ्या त्यात झोपल्या होत्या, मार्चमध्ये पतंग होऊन उडाल्या होत्या, आणि चार हातांवर फुलोरा तयारच होता. चाचा दरवर्षी हे कचऱ्यात न्यायचा. एकोणीस वर्षांत त्याच्या मजऱ्यावर ही कीड अशी कधी माजली नव्हती. त्याला कारण माहीत नव्हतं, पण रीत बरोबर होती. ती रीत मी मोडली.

“होली का है,” चाचा वाकून म्हणाला. “एकदम सूखा है, देखिए. बारिश में ढाँक के रखा था.”

तिथे सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की चाचा, ही कीड यातून आली, आणि हे तुम्हाला ठेवायला मी सांगितलं. मी म्हटलं, “हाँ चाचा, अच्छा रखा है.” त्याच संध्याकाळी मी कचरा कमी करण्याच्या नावाखाली त्या मोळ्या नेऊन टाकायला लावल्या. खरं कारण सांगितलं नाही. “होली?” त्याने विचारलं. “नई मिल जाएगी,” मी म्हणाले. हे बोललेलंही आता आठवतं तेव्हा जीव नकोसा होतो.

नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा प्लांटवर सेफ्टीत आहे. एखादा व्हॉल्व्ह थेंबभर गळला तर हा माणूस रूट कॉज शोधायला तीन दिवस मीटिंगा घेतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “हे बघ, अरबाबसमोर होळीचं काढू नकोस. आग, परवानगी, पूजा, कुठून कुठे विषय जाईल सांगता येत नाही. आपण पाहुणे आहोत इथे.”

“आणि चाचा?”

“चाचाचं वाईट वाटतंच गं. पण तुझ्या सांगण्याने त्याची मुदत वाढणार आहे का?”

ग्रुपवर लिहिलं. दोन जणींनी हात जोडलेल्या बाहुल्या पाठवल्या. एकीने लिहिलं, शेत म्हटलं की कीड आलीच, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. एकाने लिहिलं, मॅटर सेन्सिटिव्ह आहे, इथे डिस्कस नको. खालीच कोणीतरी शनिवारच्या भेळीचा मेनू टाकला. राग कोणाचा करणार? त्यांची भीती खोटी नव्हती, मलाही होतीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात मी आठवडा काढला. भाजीत दोनदा मीठ घातलं. लेक म्हणाली, “मम्मा, यू डिड नॉट नो.” पण मला माहीत असायला हवं होतं, शिकले होते ते याचसाठी.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच गाडी काढून गेले. नवऱ्याला सांगितलं नाही. अरबाब फाटकाजवळच्या खोलीत गालिच्यावर बसला होता. त्याने मला बसवलं, किटलीतून गावा, म्हणजे इथली वेलचीची कडू कॉफी, ओतून दिला, समोर खजूर ठेवले. गेल्या वर्षीचे, याच झाडांचे. म्हाताऱ्याला आखाती हिंदी छान येतं.

मी बरणी काढून समोर ठेवली. मेलेले पतंग, अळ्या, चिरलेली फळं. एकेक दाखवत गेले. ही फळं नीट धरलेली आहेत, फुलं लावण्यात चूक नाही. ही कीड आहे. ती हिवाळ्यात वाळलेल्या दांड्यांत राहते. ते दांडे चाचा दरवर्षी फेकतो. यंदा ठेवले, कारण मी सांगितलं. आमच्या सणासाठी. चूक माझी आहे, चाचाची नाही.

अरबाबने बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग ती खाली ठेवली आणि हसला. कुत्सित नव्हे, अगदी मायेने.

“मॅडम, तुम्हारा दिल बहुत अच्छा,” तो म्हणाला. “माशाल्ला. वो गरीब आदमी, तुम उसके वास्ते झूठ भी बोलता.”

“झूठ नहीं आहे,” मी म्हणाले. घाईत हिंदीत मराठी मिसळलं.

“सूखा लकड़ी सब मजरा में होता. कीड़ा सब मजरा में नहीं होता. मेहमान बोलेगा रखो, मजरा वाला बोलेगा नहीं. उसका काम है बोलना.” त्याने माझ्या कपात परत गावा ओतला. “बुढ्ढा हो गया, मॅडम. नया आदमी का वीज़ा आ गया. खलास.”

मी आणखी दोनतीनदा बोलायचा प्रयत्न केला. जितकं कळकळीने बोलत होते तितका तो जास्तच मायेने मान हलवत होता. निघताना त्याने स्वतः उठून माझ्या गाडीत कोथिंबिरीची पिशवी ठेवली. मी अशी कधी हरले नव्हते. बागाईतदारांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

जे घड वाचले त्यांच्यावर चाचाने जाळीच्या पिशव्या चढवल्या, मी सांगितलं तशा, एकेक, न चुकता. फुटव्यांना पहिला बहर आला होता, तीन झाडांना मिळून पाच घड. त्यातले दोन जगले. ते पिकायला ऑगस्ट उजाडणार होता, आणि त्याचं तिकीट जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं होतं. शेवटच्या शुक्रवारी मी शंकरपाळ्यांचा डबा आणि एक शर्ट घेऊन गेले. उन्हात उभं राहवत नव्हतं म्हणून आम्ही टाकीच्या सावलीत उभे राहिलो, जिथे मोळ्या होत्या तिथेच.

तो फुटव्यांकडे बघत होता. मग एकदम वळून म्हणाला, “एक बात बताइए मॅडम. आप तो पढ़ी-लिखी हैं. ये कीड़ा आया कहाँ से? उन्नीस साल में नहीं आया.”

अरबाबला सांगून झालं होतं, नवऱ्याला, ग्रुपला, सगळ्यांना सांगून झालं होतं. एक हाच राहिला होता. आणि तो चार दिवसांनी कायमचा जाणार होता. म्हटलं, आता सांगून त्याला काय मिळणार? असं म्हटलं खरं, पण ते त्याच्यासाठी नव्हतं. त्याने माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला झेपलं नसतं.

“हवा से आया होगा, चाचा,” मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. “हाँ, इस साल हवा बहुत थी.”

तो गेला. ऑगस्टमध्ये त्या फुटव्यांचे खजूर अरबाबने माझ्या घरी पाठवले, छोट्या खोक्यात, वर कागद लावून. मी ते ग्रुपमध्ये वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. नंतर कितीतरी दिवस मजऱ्यावर गेलेच नाही. मेथी बाजारातली आणली, काड्याच काड्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस गेले, कारण मनात एकच होतं, झाडं साफ झाली का ते बघायचं आणि नव्या माणसाला सगळं नीट समजावून सांगायचं. पतंगाची एक पिढी तरी रोखायची. नवा माणूसही सिवानकडचाच निघाला, चाळिशीचा, चाचाच्याच ओळखीतला. मजरा लखलखीत होता. झाडं खालून वर साफ, जमिनीवर काडी नाही. मला बरं वाटलं. मी म्हटलं, शाब्बास, सगळा कचरा नेऊन टाकला ना?

“टाकीच्या मागे आहे मॅडम,” तो हिंदीत म्हणाला आणि मला घेऊन गेला.

मोळ्या. दोन रांगांत, माझ्या खांद्याएवढ्या उंच, वर प्लास्टिकचा कागद, कागदावर विटा. सगळ्या हिरव्या नायलॉनच्या दोरीने बांधलेल्या.

“चाचा बोल के गया था,” तो अभिमानाने सांगत होता. “बोला, मॅडम लोग का होली होता है, लकड़ी फेंकना नहीं. ये नीचे वाला तो वही बाँध के गया. जाने के पहले का है. पुराना वाला आपने फेंकवा दिया था न, तो बोला मॅडम को लकड़ी कम पड़ेगा.”

खालच्या मोळ्यांत गेल्या हंगामातले दांडे होते, त्या लाल पडलेल्या घडांचेच. पुढची होळीसुद्धा रमजानातच येणार होती. पेटवायची नव्हतीच. मी एक दांडा मोडून बघितला. बेचक्यात पांढरा कोष होता आणि या वेळी तो फुटलेला नव्हता.

मी त्या माणसाला तिथेच पिकअप आणायला लावली. कीड काय, कोष काय, कधी फेकायचं, सगळं दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. मग दोघांनी मिळून सगळ्या मोळ्या गाडीत भरल्या. हाताला कुसळं लागली. दोऱ्या सोडून घ्याव्यात म्हणून बसले होते, पण चाचाच्या गाठी होत्या, एकही सुटली नाही.

गाडी भरून झाल्यावर तो माणूस घाम पुसत उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारावं की नाही कळत नव्हतं.

“मॅडम, चाचा फोन करता है शुक्रवार को. हर बार पूछता है, मॅडम आईं क्या, लकड़ी मिला क्या. आज क्या बोलूँ?”

मी गाडीतल्या ढिगाकडे बघितलं.

“बोलो, मिल गई,” मी म्हणाले.